आप्पांचा पंखा

रिमोटचं कौतुक मला सांगू नका रं. पंच्याऐंशीच्या आसपास आम्ही निपाणीत बिनतारी पंखा फिरवलाय! मी आणि माझा दोस्त बाळू, दोघांनाबी रेडिओ जोडायचा लई नाद. आम्ही एक डबी केलती. बटण दाबलं की लांबनंच पंखा चालू, परत दाबलं की बंद.

ती विकायची म्हणून एका रविवारी दुपारी बाळूच्या घरी आमच्यासारखीच नादखुळी माणसं बोलावली. कोण खासबागेतनं आलतं, कोण बोरगावातनं. बटण दाबलं, पंखा फिरला, सगळी खूश. एकजण म्हणाला, "आत काय हाय बघू की."

मी डबी उघडून तिची बॅटरी काढली, आणि बटण न दाबताच पंखा थांबला.

"करंट गेला व्हय?"

"न्हाय, रेडिओ चालू हाय की."

तेवढ्यात पंखा आपोआप फिराय लागला. बाळू कसनुसं हसला. "दुसऱ्या कुणाचं तरी वायरलेस मधी घुसत असंल."

आत भाकरी थापत बसलेली बाळूची आई, आक्का, म्हणाली, "कुठलं वायरलेस? तुझं आप्पा विडी पेटवाय लागल्यात. वाऱ्यानं काडी इझती म्हणून पंखा बंद करायचं न्हवं त्ये?"

आप्पा जाऊन वरीस होत आलतं. पंख्याखालची त्यांची खुर्ची मोकळीच होती. एवढी माणसं दाटीवाटीनं बसलीती, पण तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

आक्का हात पुसत बाहेर आली. खुर्चीकडं बघून म्हणाली, "एकच हं. खोकला वाढतोय."

बॅटरी माझ्या मुठीत होती. पंखा परत थांबला.