सुनंदाताईंचा हेडफोनचा तास

मित्रांनो, आपल्या सोसायटीचा हा हॉल इतका भरूनही इतका शांत मी कधी पाहिला नाही.   मी ताईंशी वाईट वागलो होतो. ते न सांगता मला खाली बसवणार नाही.

सुनंदाताई माझ्या लेकीच्या, ईराच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. गेल्या आठवड्यात झोपेतच गेल्या. नववीसाठी त्यांनी एक तास तयार केला होता. मुलांनी हेडफोन लावायचे आणि एका माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायचा. कुणी पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, कुणी बाईसोबत संसार थाटलेली बाई. मग नाव न देता प्रश्न टाइप करायचा. पुढच्या आठवड्यात त्याच आवाजात उत्तर यायचं.

मी शाळेला तक्रारीचा मेल पाठवला. ताईंचा फोन आला. "बंद करा म्हणताय ना? अच्छा. आधी एकदा येऊन ऐका."

दुपार होती. निळे पडदे ओढलेले. मुलं पाण्याखाली असावीत तशी हळूहळू हलत होती. मीही हेडफोन लावले. कानात एक अनोळखी माणूस बोलत होता. सकाळचा चहा, गॅलरीत न जगणारी तुळस... मध्येच म्हणाला, "दादानं माझं नाव घेणं सोडलं." खोली तरंगायला लागली. मी कुठेतरी दूर, स्वतःच्याच घराबाहेर उभा होतो.

मुलांचे पहिले प्रश्न इतके वाईट होते की वाचवत नव्हते. नंतरचे? "तुम्हाला ताप आला तर जवळ कोण बसतं?" ज्या मुलीला वर्गानं चिडवून एकटं पाडलं होतं, तिच्या बाकावर आता डबे उघडतात. ईरा म्हणाली, "बाबा, तो अंकल तर तुमच्यासारखाच बोअर आहे यार!"

मला धाकटा भाऊ आहे. नीलेश. त्याला विचारूनच सांगतोय. तो आदित्यसोबत राहायला लागला, तेव्हापासून सात वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्या दिवशी शाळेबाहेर गाडीत बसूनच फोन लावला. तो घाबरून म्हणाला, "दादा? कोण गेलं?"

माझा फोन म्हणजे कुणीतरी गेलंच असणार, असं वाटलं त्याला. कुणी करून ठेवलं होतं हे? मीच ना?

म्हटलं, "कुणी नाही रे. तुझा आवाज ऐकायचा होता."

ताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या एक बिघडलेला माउस उघडून बसल्या होत्या. "चलो, मग मेल मागे घ्या," एवढंच म्हणाल्या.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका. ताई, नमस्कार.

नीलेश, आदित्य, मागे का बसलात? पुढे या. माझ्या शेजारी उभे राहा.