बाबा कलमावरून पडले नव्हते

आम्ही आतल्या गावचे, कातळावरचे, बाबा गवंडी आणि त्यांच्या मागून मीही गवंडी, जांभ्याचा चिरा तासायचा, ओळंबा लावायचा आणि रचायचा, एवढंच आम्हाला येतं. आता या वयात थापीऐवजी हातात मोबाईल आलाय. मिरजोळ्यात एका इंजिनीअर मॅडमचं आवार आहे, तिथे पाडलेल्या घरांचे चिरे, वासे, दारं आणतात, प्रत्येक मालाला क्यूआरचा स्टिकर लागतो, गिऱ्हाइकाने मोबाईल धरला की कुठल्या घराचा, कोणी बांधला, काय इतिहास, सगळं दिसतं. जुना चिरा परत लागला की डोंगर तेवढा कमी खणावा लागतो, म्हणतात मॅडम, ते मलाही पटतं. माहिती भरायचं काम माझं.

तर काय सांगू तुम्हाला, गेल्या वर्षी अण्णाशेटचा बंगला पाडायला निघाला. अण्णाशेट आमच्या बाजूचा मोठा ठेकेदार. मी तरुण होतो तेव्हा याच बंगल्याची माडी चढवताना परांचीचा बांबू मोडला आणि बाबा खाली आले, जागेवरच गेले. बांबू कुजलाय हे बाबांनी दोनदा सांगितलेलं, मी ऐकलंय, मी खालून चिरे देत होतो. अण्णाशेटने मला बाजूला नेलं, म्हणाला, बाप काय परत येत नाय, तू कायमचा माझ्याकडे कामाला लाग, पोलिसांना सांग, माझ्या बागेत आंब्याच्या कलमावरून पडला. आणि मी सांगितलं. सही केली. आई विचारायची, अरे मेल्या, गवंडी माणूस आंबे काढायला कशाला जाईल रे? विचारता विचारताच ती गेली.

सिमेंट वाचवायला अण्णाशेटने भिंती चुन्यात बांधून घेतलेल्या, म्हणून चिरे अख्खे सुटले आणि आमच्या आवारात आले. मी एकेका चिऱ्याला स्टिकर लावला, बांधणारा म्हणून बाबांचं नाव घातलं, आणि इतिहासात लिहिलं, याच कामावर कुजक्या परांचीवरून पडून मेले, मालकाने लपवलं. माणूस मेलेल्या घराचा चिरा आमच्याकडे कोण घेतो? गिऱ्हाईक मोबाईल धरायचं, वाचायचं आणि दुसऱ्या थप्पीकडे वळायचं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

मग अण्णाशेट आला, काठी टेकत. माझ्या घरावर मढं लिहितोस काय रे? पोलिसांचा कागद काढू, तुझ्या सहीचा? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, काका, हे पुसा, नाहीतर तो कागद खोटा कसा तेही लिहा, इथे अर्धं चालत नाही. अण्णाशेट हसला, त्याला वाटलं, हा पुसणार. माझ्या बायकोला, मुलीला काही ठाऊक नव्हतं हो, कोणालाच नव्हतं.

मी त्याच्यासमोर लिहिलं. कलमावरून पडले ही खोटी साक्ष मी दिली, मी त्यांचा मुलगा. खाली नाव घातलं. काठी तिथेच टाकून अण्णाशेट गाडीत जाऊन बसला.

मुलगी दोन महिने माझ्याशी बोलली नाय. अजूनही जेवण वाढते ती खाली बघून. चालायचंच, ते माझंच आहे. चिरे आवारात पडून आहेत, शेवाळ धरलंय. लग्नाकार्यात लोक अण्णाशेटला मुद्दाम विचारतात, काय शेट, खपले काय चिरे? मी देवळात गेलो की त्याच्यासाठी मागतो, देवा, त्याला उदंड आयुष्य दे, रोज कोणीतरी विचारणारा भेटू दे. माझं किती उरलंय, ते मी मागत नाय.