कोरड्या कालव्यातली नाव

देवळाच्या दारात शुभ दिवस विचारायला रांग होती. माझ्यापुढे नवरीची आई हेनुत आणि नवऱ्यामुलाचा बाप खेती. ऐकलं तसंच सांगतो, खोटं असेल तर मला मगरीनं न्यावं.

"व्याही, तुमची नाव माझ्या कांद्यांच्या वाफ्यावरून कधी हलवताय?"

"पाणी आलं की हलेल, विहीणबाई. लग्न पुराच्या महिन्यात ठरलं होतं. महिना लागला, आम्ही आलो. कोरड्या कालव्यातून ओढत आणलीय!"

"पुराचा महिना फक्त देवळात लागलाय हो! नदीला पत्ता नाही. पुजाऱ्यांचं वर्ष जरासं आखूड, ते पणज्याच्या पणज्यापासून पुढे पळतंय. पूर यायला अजून चार महिने आहेत."

"तेव्हा देवळात पेरणीचे महिने असतील. पेरणीत आमच्याकडे लग्न होत नाही."

"मग आत्ताच गाढवावरून न्या की पोरीला!"

"आमची सून नावेतूनच येते. आजवर एकही गाढवावरून आलेली नाही."

"म्हणजे पाणी असेल तेव्हा महिना नाही, महिना असेल तेव्हा पाणी नाही. पोरांनी काय थडग्यात गेल्यावर संसार मांडायचा?"

"पोरांनी थांबायचं."

"तुमचा मुलगा कुठंय?"

"नावेत. राखणीला बसवलाय."

"तो पहाटेच उतरला. माझ्या पोरीला गाढवावर बसवून तुमच्याच घरी गेला."

"अहो, मग तुम्ही रांगेत कशाला उभ्या?"

"तुमची नाव फोडून सरपण करायला कुठला दिवस चांगला, ते विचारायला!"