पाय उन्हात, तोंड सावलीत

मालेगावच्या दवाखान्यात विमलबाईंचा नंबर पुकारला, पण शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं टाकून त्यांना उठवेना.

“नऊ वर्साच्या आपल्या संस्कृतीच्या रक्तात चरबी वाढली म्हणे. अन् ‘ड’ जीवनसत्त्व नाही.”

“आत्याबाई, तिचे पाय दुखले की तुमी तूप वाढता. उन्हात मात्र जाऊ देत नाही.”

“काळी पडन. तुले सावळी म्हणून काय काय आयकावं लागलं, इसरली काय?”

“तुमीच तं म्हणत होत्या.”

“म्हणूनच मले ठाऊक हाय, सासू काय म्हणते ते.”

“मंग पोरीच्या हाडाचं काय करू?”

“उद्यापासून अंगणात बसव तिले. पाय उन्हात ठेव, तोंड सावलीत.”