आरामात बघा, आप्पा!

आन् वर पोरगा मलाच म्हणतो कसा, "आप्पा, आता आरामात बघा!" अहो, आराम मागितला कुणी होता? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं दौंडच्या रेल्वे केबिनमधी सिग्नलचे लिव्हर ओढलेला माणूस मी, रिटायर झालो, दोन वर्षांमागं आमची मंडळी, पुतळाबाई, गेली, आता दोन खोल्यांत मी, घड्याळ, आन् सत्यजीतनं, म्हंजी माझ्या पोरानं, पुण्यावरनं आणून ठेवलेला कंप्युटर... आरामाशिवाय हाय काय माझ्याकडं?

त्या कंप्युटरवर नात दिसायची. माझी थोरली स्नेहल जर्मनीत, तिची धनश्री तीन वर्षांची. आज घसरगुंडीवर, उद्या भात सांडताना... स्नेहल व्हिडिओ टाकायची, मी दुपारी चहा घिऊन बघायचो. आता आमचं ब्रॉडबँड! ते गोल गोल फिरायचं, पोरगी घसरगुंडीवर निम्म्यात अडकायची, जशी मनमाडची पॅसेंजर टेसनाबाहेर आउटर सिग्नलला. तवर बाजूला साबणवाली बाई हसायची, विमावाला हात जोडायचा, कुस्त्यांचं लावलं तर खाली माणसं एकमेकांची आई-भन काढायची... जत्रा नुसती! मी त्या साबणवालीला म्हणायचो बी, "बस बाई, येईलच पोरगी खाली."

आता चूक माझीच. शिमग्याच्या सुमाराला सत्यजीतचा फोन आला. "बरंय ना?" "बरंय." "जेवला?" "जेवलो." पुढं काय बोलायचं? विषय पायजे म्हणून म्हणलं, "अरं, त्या जाहिराती लई तरास देत्यात." झालं! रविवारी आला की पळत. मला वाटलं दोन दिस ऱ्हाईल, मटण आणलं. छे! "एक्स्टेन्शन टाकतो आप्पा, वीस मिन्टांत." मला वाटलं, पंख्याची वायर वाढवतोय. एक टाकलं, साबणवाली गेली. दुसरं टाकलं, बाजूची रांग गेली. तिसऱ्यानं खाली लिवलेलं सगळं झाकलं, "कशाला ती भांडणं वाचता?" चौथ्याचं तर बल्बाचं चित्र, ते दाबलं की व्हिडिओ सोडून सगळा पडदा काळा! "आता आरामात बघा!" आन् गेला पुण्याच्या डेमू गाडीनं. मटण मी चार टाइम खाल्लं.

मग बघितलं की आरामात. काळ्याकुट्ट पडद्यात मधी नात, आन् भवतीनं काचेत कोण? तर मीच! टक्कल, चष्मा, कप. एवढा एकटा मी केबिनमधी बी कवा नव्हतो, तिथं निदान फोन तरी वाजायचा.

त्या फोनचं सांगतो. टेसनमास्तर केबिनला निरोप देणार, अमकी गाडी घ्या. आपण नुसतं "व्हय" म्हणून चालत न्हाई! आपल्या वहीतला प्रायव्हेट नंबर सांगायचा, त्यानं तो लिवून घ्यायचा, मगच निरोप पोचला. नंबर न्हाई तर गाडी न्हाई! स्नेहल ल्हान असताना घरात बी तेच. "आप्पा, सहलीला जाऊ?" "जा. नंबर बावीस." नंबर घेतल्याबिगर पोरगी उंबरा वलांडायची न्हाई.

तर ह्या स्नेहलचे फोन कोरडे व्हायला लागले. "आप्पा, बघितलं ना सगळं?" "सगळं बघितलं! लई झ्याक!" "...आणि?" "आणि काय, आरामात बघतो आता!" "बरं." ते "बरं" अशी म्हणायची की माझा चहा जागेवर गार. मला वाटलं, परदेशात गेलं की माणूस तुटतंच.

आन् दसऱ्याच्या आधी वीज कडाडली, कंप्युटर बसला. आमच्या दुरुस्तीवाल्या हौसरावानं सगळं पुसून नवं टाकून दिलं. चालू केला तर साबणवाली हजर! अहो, गहिवरून आलं मला तिला बघून! आन् खाली... खाली स्नेहल. एकेका व्हिडिओखाली, इंग्रजी अक्षरांत मराठी. "आप्पा, धनू विचारते, आजोबा टाळ्या वाजवतात का? नंबर द्या." "आप्पा, दिवाळीला महिनाभर यायचं म्हणतोय, तुम्हाला झेपेल ना? नंबर द्या." "आप्पा, नंबर?" अकरा निरोप! आन् शेवटाला, "राहू दे. आप्पांना एकटं राहायची सवय झाली असेल. नाही येत आम्ही."

एकतीस वर्षांत बिनानंबराची एक गाडी सोडली न्हाई मी, आन् पोटच्या पोरीला सात महिने आउटरला उभी केली! रडलो, खोटं कशाला बोलू. मग एका बोटानं अकराच्या अकरा ठिकाणी नंबर लिवले, फोन बी केला, सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणली, "आप्पा, सुट्टी गेली हो आता. पुढच्या दिवाळीला येतो." म्हणलं, "नंबर सत्तेचाळीस."

सत्यजीतला ह्यातलं काय बी सांगितलं न्हाई, उगा लागायचं त्याला. फोनवर नुसतं बोललो, "अरं, ते तुझं चारी उडालं." तर रविवारी हजर! "थांबा, वीस मिन्टांत बसवतो." बसला शेजारी, खांद्याला खांदा लावून. मी आपला, "हे काय रं? ते कुठं गेलं रं? आन् काढायचं झालं तर कसं? परत दाव." विसाची चाळीस मिन्टं झाली, चहा दोनदा झाला, "आता आरामात बघा!" म्हणाला आन् गेला.

डेमूचा भोंगा ऐकला, आन् चारी एकेक करून काढून टाकली. आज तिसरा शनिवार! मघाशी फोन लावला, "अरं, परत उडालं बघ." तर म्हणतो, "असं कसं सारखं उडतं ओ आप्पा?" आता ह्याला काय सांगू? म्हणलं, "मला काय कळतंय त्यातलं... तू ये की. आरामात बघ."