अंबूच्या नावाची ओवी

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. दहिवडीच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर धोंडुबाई आणि बनुबाई बोलत बसल्या होत्या.

“धोंडे, अंबूच्या दिराची हळद दळताना तू अंबूचंच नाव ओवीत घेतलंस म्हनं?”

“घेतलं. नवरा गेल्यापास्नं हळदीला कोन बलवतंय तिला? दाराआड हुबी हुती. बगितलं आन् सुचलं.”

“काय सुचलं?”

“‘हळदीच्या जात्याला बाई घालिते मी घास, अंबूनं खडी फोडून घरा दिला घास.’”

“खोटं न्हाई. दुष्काळात तिच्याच मजुरीवर जगलं ते घर. पन बायका काय म्हनल्या?”

“मी म्हनलं की त्या मागं म्हनत्यात. म्हनून मोकळ्या झाल्या, मग ध्यानात आलं, नाव कुनाचं घेतलं त्ये.”

“आन् तिची सासू?”

“तिनं जातंच थांबवलं. लय भ्याले मी. मग म्हातारी सरकली, म्हनली, ‘अंबू, ये. खुंट्याला हात लाव.’”

“आली?”

“आली की! रडत रडत दळलं. पुढची ओवी तिनंच जोडली.”

“कुनाच्या नावाची?”

“सासूच्या.”