जाळीतली थंड हवा

"लांबच्या प्रवासात एसी मधूनच बंद पडतो गं, घामाने भिजून जातो," असं बाबा फोनवर म्हणाले, तेव्हा "गॅस भरून घ्या" म्हणत तिने विषय मिटवला होता. आज स्वतःच्या गाडीसाठी, मांडीवर पेंगणारं बाळ घेऊन ती गॅरेजच्या बाकावर ताटकळत होती. शेजारी एक काका-काकू. मेकॅनिक हात पुसत त्यांच्यापुढे आला.

"काका, गॅस पुरेसा आहे. कॉइलवर बर्फ धरून हवाही अडत नाही."

"मग तासाभराने बंद का पडतो?"

"ते बघायलाच तर काल तुमच्या शेजारी बसून घाटाच्या चढापर्यंत आलो."

"आणि पडलाच की बंद! शर्ट पिळायची वेळ आली."

"एसीच्या जाळीत थर्मामीटर लावला होता, काका. काटा थंडवरून हलला नाही. मी तर गारठून हात काखेत धरून बसलो होतो."

"मागच्या खेपेला मी शाल घेतली होती हो," काकू म्हणाल्या.

"तुला बारा महिने थंडी वाजते."

"आणि जिना चढताना घाम फुटतो तो? तिथेही एसीच बंद पडतो का?"

"तू गप्प बस. दादा, कॉम्प्रेसर बदलून टाका."

"बदलायला काय, बदलेन. पण आज गाडी इथेच राहू द्या. मी सोडतो तुम्हाला. वाटेत दवाखाना आहे, तिथे छाती तपासून घेऊ."

काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"द्या ना हो ती," काकूंनी हात पुढे केला.

तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि बाबांना फोन लावला. घंटा वाजतेच आहे. तुमच्याही घरी कोणी एसीला नावं ठेवत असेल, तर आधी त्यांना फोन करून तब्येत विचारा.